बारावीनंतर बिझनेस शिकायला परदेशी : मखमलाबादचा प्लॉट काढावा का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावी कॉमर्स झाली, ८१ टक्के. तिला बिझनेस शिकायला बाहेर जायचंय. एमबीएला नाही, आत्ताच, पदवीलाच. मिस्टरांचं नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे, पॉवर प्रेसचं जॉबवर्क, पाच कामगार. मागच्या शनिवारी कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. एसी, कॉफी, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे. तिथल्या मॅडमनी वीस मिनिटांत दोन पर्याय काढून दिले : कॅनडात दोन वर्षांचा बिझनेस डिप्लोमा, नाहीतर इंग्लंडात तीन वर्षांची पदवी. डिप्लोमा स्वस्त आणि "वसूल होणारा", कारण नंतर वर्क परमिट मिळतंच म्हणे. पंधरा दिवसांत डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल.

आकडा ऐकून मिस्टर मायको सर्कलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मखमलाबादचा प्लॉट काढू." त्या प्लॉटवर घर बांधायचं होतं. सध्या तिथे एक शेवग्याचं झाड आहे आणि शेजाऱ्यांच्या दोन गायी.

कोणी मुलांना बारावीनंतरच बिझनेस शिकायला पाठवलंय का? प्लॉट विकण्याइतकं त्यात काही आहे का?

उगाच_एक

कॉलेज रोडला आता मिसळीपेक्षा कन्सल्टन्सीच्या पाट्या जास्त झाल्यात. दोन्हीकडे तर्री वर दिसते, खाली काय आहे ते चमचा घातल्यावर कळतं. (हलके घ्या.)

हिशेबनीस

ताई, आधी एक गोष्ट. कन्सल्टन्सी तुमच्याकडून फी घेत नसेल तर ती युनिव्हर्सिटीकडून कमिशन घेते. त्यात बेकायदा काही नाही. पण मग त्या बाई कोणाच्या बाजूने बोलताहेत ते लक्षात ठेवा. पंधरा दिवसांची घाई तुमच्या मुलीची नाही, त्यांच्या टार्गेटची आहे.

आता आकडे. इंग्लंडचं घ्या. ट्यूशन सोडून, लंडनबाहेर राहायचं तर महिना ११७१ पाउंडप्रमाणे नऊ महिन्यांचे, म्हणजे १०,५३९ पाउंड खात्यात दाखवावे लागतात, आणि ते सलग २८ दिवस हलता कामा नयेत. प्लॉटचे पैसे आले आणि आठवड्यात व्हिसाला अर्ज टाकला, असं चालत नाही. शिवाय तिथल्या सरकारी दवाखान्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड. तो दरवर्षी नाही, सगळ्या वर्षांचा एकदम, व्हिसाच्या अर्जाबरोबरच. हा आकडा कन्सल्टन्सीच्या चकचकीत कागदावर शेवटच्या ओळीत असतो, नाहीतर नसतोच.

लोन घ्यायचं तर साधारण साडेसात लाखांपुढे सरकारी बँक तारण मागते, म्हणजे प्लॉट विकण्याऐवजी गहाण ठेवता येतो. लोनच्या पैशांतून फी पाठवली तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) नाही. स्वतःचे पाठवले तर वर्षाला १० लाखांच्या वर टीसीएस कापतात. तो रिटर्नमध्ये जुळवून मिळतो, पण तोवर तुमचे पैसे अडकले. आयकरात लोनच्या व्याजाची वजावट आहे (आधीच्या कायद्यातलं ८० ई), आठ वर्षं, पण जुन्या करप्रणालीत असाल तरच.

प्लॉट विकला की परत घेता येत नाही. लोन फिटतं तरी.

लेस्टरवासी

मी नाशिकरोडचा. २०१९ ला बारावीनंतर थेट इंग्लंडला बिझनेस मॅनेजमेंटला आलो, आता इथेच नोकरी करतो. ताई, खरं सांगू का, पहिलं वर्ष मी काय शिकलो ते मलाच माहीत नाही.

आठवड्याला जेमतेम बारा तास लेक्चर. बाकीचा वेळ "स्वतः वाचा". आपल्याकडे क्लासच्या नोट्स, गाइड, मागच्या दहा वर्षांचे पेपर असा सगळा पाळणा असतो. इथे २००० शब्दांचा निबंध : एका कंपनीने किंमत वाढवली ते बरोबर की चूक, बाजू मांडा. मी इंटरनेटवरचे उतारे जरा इकडेतिकडे करून जोडले, आपण प्रोजेक्टला करतो तसे. सॉफ्टवेअरने पकडलं. विभागात बोलावून घेतलं, पहिली वेळ म्हणून समज दिली. त्या दिवशी हॉस्टेलच्या किचनमध्ये उभ्याने मॅगी खाल्ली आणि ठरवलं की परत जावं.

गेलो नाही. दुसऱ्या प्रयत्नात ६२ मिळाले. आईला फोन केला, तर ती रडायलाच लागली, बासष्टच? तिला समजावायला अर्धा तास गेला की इथे ४० ला पास आणि ७० च्या वर फर्स्ट क्लास, ८१ टक्के कोणी पाहिलेले नसतात. तुमच्या लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा.

कामाचे परवानगीचे तास आठवड्याला २०. त्यातून खाणंपिणं सुटतं, फी नाही. "पार्टटाइम करून फी काढतात" हे जो सांगेल त्याला त्याचं पासबुक दाखवायला सांगा.

मला कशाचा खरा फायदा झाला? दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या मध्ये एक वर्ष कंपनीत काम केलं, प्लेसमेंट इयर. पगार मिळाला, आणि नोकरीही पुढे त्याच ओळखीतून लागली. कोर्स घेताना तो पर्याय आहे का बघा, आणि परदेशी मुलांना तो खरंच मिळतो का, हे तिथल्या एखाद्या भारतीय सीनियरला विचारा.

नियमही बदललेत. पदवीनंतर दोन वर्षं थांबता यायचं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. तुमची लेक त्यातच बसेल. त्यानंतर कंपनीने व्हिसा द्यायचा तर पगाराची अट ४१,७०० पाउंड, नव्या पदवीधरांना सवलतीत ३३,४००. बिझनेसच्या साध्या पदवीवर पहिल्या नोकरीत तेवढा पगार देणारे मोजकेच भेटतात.

पेठेतला_बाळ

मला एक कळत नाही. बिझनेस वर्गात बसून शिकतात का? आमच्या रविवार कारंजावरच्या दुकानदारांची पोरं दहावीला गल्ल्यावर बसतात. वीस वर्षांची होईपर्यंत कोणाला उधारी द्यायची नि कोणाला चहा पाजून वाटेला लावायचं हे त्यांना कळतं. त्यांच्याकडे कुठली डिग्री आहे? प्लॉटच्या पैशात त्या मुलीला दुकान टाकून द्या.

अनामिका_सातपूर

@पेठेतला_बाळ, मी त्याच पेठेतल्या दुकानदाराची मुलगी. गल्ल्यावर माझा भाऊ बसायचा. मी आत पापड लाटायचे. तेव्हा हे "गल्ल्यावर शिकतात" प्रकरण कोणाच्या वाट्याला येतं तेही लिहा.

आणि ताई, राग मानू नका, पण लेक ऐवजी लेक असता तर हा धागा निघाला असता का?

उगाच_एक

"लेक ऐवजी लेक असता" वाचून दोन मिनिटं गोंधळलो. मराठी भाषा समृद्ध आहे ती अशी.

गोदाकाठची

@अनामिका_सातपूर, राग नाही. रात्रभर विचार केला. मुलगा असता तर मिस्टरांनी विचारलंच नसतं, सरळ विकून मोकळे झाले असते. आणि ते चुकीचंच ठरलं असतं की काय, असं वरचं वाचून वाटतंय. म्हणजे विचारलं ते बरंच झालं.

टोरांटोतला_बर्फ

ताई, थांबा. डिपॉझिट भरलं नाही ना अजून?

कॅनडात "बिझनेस डिप्लोमा, मग वर्क परमिट मिळतंच" हे आता खरं नाही. नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला. कॉलेजचा डिप्लोमा असेल तर शिक्षणानंतरचं वर्क परमिट ठरावीक क्षेत्रांतल्या कोर्सनाच मिळतं : आरोग्य, शेती, कुशल कारागिरीचे ट्रेड, विज्ञान-तंत्रज्ञान वगैरे. साधा बिझनेस डिप्लोमा त्या यादीत नाही. युनिव्हर्सिटीच्या पूर्ण पदवीला ही अट लागू नाही. म्हणजे तुम्हाला "स्वस्त आणि वसूल" म्हणून जो पर्याय दिला, नेमका तोच कोरडा पडलाय.

शिवाय भारतीय मुलांना झटपट व्हिसा देणारी एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. एकूण परवान्यांवर २०२४ पासून मर्यादा आहे. खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर, ट्यूशन वेगळी.

मी स्वतः २०२१ ला डिप्लोमावाला. तेव्हा चाललं. आमच्या तळघरात सहा जण होतो, तीन नाशिकचे. माझ्या नंतर आलेल्या मावसभावाला हेच "मिळतंच" सांगून पाठवलं होतं. तो आता परत जायच्या तयारीत आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. जास्त लिहीत नाही.

हिशेबनीस

+१. त्या मॅडमना एवढंच विचारा : "हे लेखी देता का?" मेलवर. बघा काय उत्तर येतं.

निफाडची_थंडी

आम्ही पाठवलंय. आमची द्राक्षबाग, १४ एकर, माल युरोपात जातो. पोरगा नेदरलँडला इंटरनॅशनल बिझनेस शिकतोय, तिसरं वर्ष. तिकडे दोन तऱ्हा असतात : संशोधनवाल्या युनिव्हर्सिटीची पदवी तीन वर्षांची, आणि 'होखस्कूल' म्हणतात त्या प्रॅक्टिकलवाल्यांची चार वर्षांची. हा दुसऱ्यात आहे.

त्रास लिहितो आधी. पहिल्या वर्षी ६० पैकी ठरलेले क्रेडिट मिळवले नाहीत तर कोर्समधून बाहेर काढतात. एटीकेटी वगैरे लाड नाहीत. आपल्या मुलांनी वर्षाला निम्मे क्रेडिट तरी मिळवले नाहीत तर कॉलेज तसं इमिग्रेशन खात्याला कळवतं. खोली मिळेना म्हणून पहिले सात आठवडे हा पठ्ठा गावाबाहेर कॅम्पिंगच्या लाकडी खोपटात राहिला, ऑक्टोबरच्या पावसात. काम आठवड्याला १६ तासच, तेही मालकाने आधी परवाना काढला तर. बरेच मालक त्या भानगडीत पडत नाहीत.

आता दुसरी बाजू. पहिल्या मार्चमध्ये त्याचा फोटो आला. सुपरमार्केटमधला द्राक्षाचा पनेट, अर्ध्या किलोचा, उलटा करून तळाच्या लेबलचा फोटो. खाली लिहिलेलं, "पप्पा, हा कोड कोणत्या पॅकहाउसचा?" बघितलं तर दिंडोरी तालुक्यातलं. आपल्याकडे जे किलोमागे मिळालं आणि तिथे लेबलवर जी किंमत होती, त्यात जो फरक आहे तो कुठे कुठे जातो, यावर त्याने पुढच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट केला. पॅकिंग, प्रीकूलिंग, रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर, रॉटरडॅमचा आयातदार, पुन्हा पॅकिंग, दुकान. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा वाढलेले दिवस नि भाडं कोणाच्या बोकांडी बसलं, हे मी वीस वर्षं माल पाठवूनही कधी कागदावर मांडलं नव्हतं. आम्ही "व्यापाऱ्याने रेट पाडला" म्हणून शिव्या देऊन मोकळे होतो. आता सौदा करताना मी त्याला फोन लावून बाजूला ठेवतो.

तर ताई, माझं मत असं : घरात एखादा धंदा असेल, आणि पोराला त्यातला एखादा प्रश्न टोचत असेल, तर बाहेरचं शिक्षण अंगी लागतं. नुसतं "बिझनेस शिकायचाय" म्हणून पाठवलं तर ते कॅलेंडर विकत घेतल्यासारखं होतं. भिंतीवर छान दिसतं.

पेठेतला_बाळ

काका, दंडवत. माझा गल्ला गप्प.

अनामिका_सातपूर

निफाडकाका, ते लेबल उलटं करून बघणं आवडलं.

म्युनिकहून

जर्मनीचं कोणी विचारलं नाही तरी लिहितो, कारण "तिकडे फुकट असतं" हा प्रतिसाद येणारच आहे.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावलीय. खर्चाचे वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच टाकायचे, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. दिल्लीच्या एपीएसकडून (जर्मन दूतावासाची शैक्षणिक कागदपत्रं तपासणारी शाखा) कागदपत्रं तपासून घेणं २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे.

खरी मेख वेगळी. आपल्या नुसत्या बारावीवर थेट पदवीला सहसा घेत नाहीत. तिकडे भारतात त्याच विषयाचं पदवीचं एक वर्ष नीट पास झालेलं असलं की वाट मोकळी होते. दुसरी मेख, पदवीचे बहुतेक कोर्स जर्मनमध्ये आहेत. इंग्रजीतले आहेत ते बरेचसे खासगी, आणि त्यांची फी भरपूर. म्हणजे एक वर्ष नाशिकमध्ये बीबीए नि जोडीला जर्मन, मग अर्ज. उशीर वाटतो, पण त्या वर्षात मुलीला हे झेपतंय का तेही कळतं.

मेतकूटभात

अवांतर : सामान काय न्यायचं? भाचा सप्टेंबरला जातोय. २३ किलोत गोडा मसाला, मेतकूट, कुकर आणि कोंडाजीचा चिवडा बसेल का?

लेस्टरवासी

कुकर आणा. चिवडा विमानतळापर्यंत टिकत नाही, कसारा घाटातच संपतो. आणि जाड जाकीट तिकडून घेऊन येऊ नका, नाशिकची थंडी समजून घेतलेलं जाकीट इथे बनियनसारखं वाटतं.

निफाडची_थंडी

नाशिकची थंडी म्हणजे निफाडला विचारून बोला हं.

सीबीएसची_बस

मूळ प्रश्नाकडे येतो. स्कॉलरशिपचं कोणीच लिहिलं नाही. कारण पदवीला ती फारशी नाहीच. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, जे. एन. टाटा एन्डोमेंट, सगळ्या मास्टर्स आणि पीएचडीसाठी. पदवीला जे मिळतं ते युनिव्हर्सिटीचं स्वतःचं, आणि बहुतेकदा ती फीतली सूट असते. इटलीत सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीही आहे, तेवढा एक अपवाद धरा.

माझ्या मुलीने पदवी इथेच नाशिकच्या बीवायके कॉलेजातून केली, दोन वर्षं पुण्यात नोकरी, मग बाहेर मास्टर्स. लोनची सही तिने स्वतः केली. माझी फक्त जामीनदाराची.

ज्यांना इथे राहूनच परदेशी शिक्का हवाय त्यांना एसीसीए (ब्रिटनची अकाउंटंटची परीक्षा) आहे, १३ पेपर, बीकॉम करता करता होते. आणि परदेशी विद्यापीठं आता इकडेच यायला लागलीत. ब्रिटनच्या साउदम्पटनने २०२५ मध्ये गुरुग्रामला बिझनेसचे वर्ग सुरू केले, नवी मुंबईसाठीही पाच विद्यापीठांना त्याच वर्षी इरादापत्रं दिलीत.

टोरांटोतला_बर्फ

मावसभावाने काल घरी सांगितलं. मावशी म्हणाली, "तिकीट काढ, आंब्याचा सीझन आहे." आम्ही उगाच घाबरलो होतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

कन्सल्टन्सीला मेल टाकला, हिशेबनीसांनी सांगितलं तसा. दोन दिवसांनी फोन आला, मेल नाही. "मॅम, रूल्स आर चेंजिंग, पण आम्ही प्रोसेस करून देऊ." मिस्टर म्हणाले, कंपनीचा परचेसवाला पेमेंटबद्दल बोलतो तसंच बोलतेय ही.

हा धागा लेकीने सगळा वाचलाय. तिला लिहायचंय म्हणते, माझ्याच आयडीवरून लिहू देते.

— नमस्कार. निफाडच्या काकांचं वाचून मी पण विचार केला की मला टोचतंय काय. टोचतंय ते हे की पप्पा माल वेळेवर देतात आणि पैसे १००-१२० दिवसांनी येतात. कामगारांचा पगार मात्र सात तारखेला. मला वाटायचं पप्पांना मागता येत नाही. मग कळलं की असं अख्ख्या अंबडमध्ये आहे. हे असं का चालतं आणि दुसऱ्या देशात पण चालतं का, हे मला शिकायचंय. त्यासाठी कुठला कोर्स असतो का?

हिशेबनीस

बेटा, सप्लाय चेन फायनान्स, वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट, म्हणजे माल दिल्यापासून पैसे येईपर्यंतचं कसं भागवायचं ते. बिझनेसच्या पदवीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतं. पण सुरुवात आजच कर, फी नाही.

पप्पांच्या वर्कशॉपची उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंद) आहे का बघ. असेल तर एमएसएमई कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार नसेल तर १५. नाही दिले तर चक्रवाढ व्याज लागतं. आयकरात ४३बी(एच) कलम १ एप्रिल २०२४ च्या करनिर्धारण वर्षापासून आलं : सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आता कायदा असूनही पप्पा तक्रार का करत नाहीत, हे त्यांना विचार. तो तुझा पहिला धडा. उत्तर पुस्तकात नाही.

मागच्या दोन वर्षांची सगळी बिलं एक्सेलमध्ये घाल : बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख, मधले दिवस. मग बोलू.

गोदाकाठची

शेवटचं अपडेट. बीबीएची सीईटी तिने दिलेलीच होती, इथेच प्रवेश घेतोय. कॉलेजनंतर जर्मनचा क्लास. वर्षभराने पुन्हा बघू, तेव्हा लोन काढायचं झालं तर प्लॉट तारणाला आहेच. शेवग्याला यंदा भरपूर शेंगा लागल्यात, कोणाला हव्या असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.

आणि हो, एक्सेल झाली. आठ दिवस रात्री जेवणं झाली की बिलांची फाइल घेऊन बसायची. सगळ्यात जास्त दिवस पैसे थकवणाऱ्यांची यादी केली, मोठ्या कंपन्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर तिचा मामा निघाला. २१४ दिवस.

मिस्टर तेव्हापासून हसतायत. मी माहेरी फोन करायचा की नाही या विचारात आहे.

उगाच_एक

ताई, मामाला व्याजासकट नोटीस पाठवा. पहिल्या वर्षाची फी निघेल.